बीदरचा विमानतळ आणि हैदराबाद संस्थानाचा आकाशमार्ग (इ. स. १९४२–१९४८)

(१) विषयोपन्यास

राज्याचा बाहेरील जगाशीं संबंध कोणत्या मार्गानें राहतो, हा प्रश्न आपल्याकडील राजनीतिकारांनीं फार पूर्वींच विचारांत घेतलेला आहे. कौटिल्यानें वारिपथ व स्थलपथ यांची तुलना करितांना, जलमार्ग श्रेष्ठ हें पूर्वाचार्यांचें मत अमान्य करून स्थलमार्गास अधिक मान दिला. कारण जलमार्ग अडविला जातो, सर्व ऋतूंत चालत नाहीं आणि त्यावर संकट आलें असतां उपाय राहत नाहीं. विसाव्या शतकांत या दोहोंत तिसऱ्याची भर पडली. तो आकाशमार्ग होय. ज्या राज्यास समुद्रकिनारा नाहीं आणि ज्याच्या चारी सीमांवर एकाच सत्तेचा अंमल आहे, अशा राज्यास हा तिसरा मार्ग कितपत तारूं शकतो, याचा अनुभव आपल्याच प्रदेशांत १९४८ सालीं आला. हैदराबाद संस्थानांतील बीदर येथील लहानशा विमानतळाचा इतिहास हा त्या अनुभवाचा इतिहास आहे, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पुसेगांवीं बसून बीदरच्या विमानतळाचा विचार कां करावा, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, हिंगोली जिल्हा १९९९ सालीं स्वतंत्र झाला. तत्पूर्वीं हा प्रदेश परभणी जिल्ह्यांत होता आणि १९४८ पर्यंत परभणी व बीदर हे दोन्ही जिल्हे निजामाच्या एकाच राज्याचे घटक होते. आज लातूर जिल्ह्यांत असलेले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे मराठी तालुके त्या काळीं बीदर जिल्ह्यांतच मोडत. बीदरच्या धांवपट्टीवर जें उतरत होतें, त्याचा भार अखेर मराठवाड्याच्या खेड्यांवर पडत होता. म्हणून हा विषय आमच्या घरचाच आहे.

(२) भूवेष्टित राज्य

हैदराबाद संस्थानाचें क्षेत्र सुमारें ८२,००० चौरस मैल होतें व १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या एक कोटि साठ लाखांहून अधिक होती. सोळा जिल्ह्यांपैकीं औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पांच मराठी भाषेचे. उत्तरेस वऱ्हाड व मध्यप्रांत, पश्चिमेस मुंबई इलाखा, पूर्वेस व दक्षिणेस मद्रास इलाखा, अशी त्याची चतुःसीमा होती. समुद्रास हें राज्य कोठेंहि भिडत नव्हतें. वऱ्हाड १८५३ सालीं इंग्रजांकडे सोपविलें गेलें आणि १९०२ च्या करारानें तें कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडे राहिलें. हिंगोली येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ सालीं ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यांत विलीन झाली आणि हिंगोलीचें लष्करी महत्त्व ओसरलें.

बीदरच्या पूर्वेतिहासाशीं ताडून पाहिलें म्हणजे ही भूवेष्टित स्थिति किती अवघड होती तें ध्यानांत येतें. बहामनी सुलतानांनीं पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरास आणिली. त्यांचा विख्यात वजीर महमूद गावान यानें १४७२ सालीं गोवें जिंकून घेतलें. अरबस्तान व इराण येथून येणारे घोडे दक्षिणेंतील फौजांना आवश्यक असत, आणि ते समुद्रमार्गानेंच येत. म्हणजे बीदर येथें बसून राज्य करणाऱ्या त्या मुत्सद्द्यास बंदराची किंमत ठाऊक होती. त्यानंतर पावणेपांचशें वर्षांनीं निजामाच्या सरकारनेंहि पोर्तुगीजांकडून मार्मागोवा बंदर मिळविण्याची खटपट करून पाहिली. ती सफळ झाली नाहीं. बंदर नाहीं, सीमेवर मित्र नाहीं, आगगाडीचे रूळ परराज्यांतून जाणारे. अशा स्थितींत आकाश तेवढें मोकळें राहिलें.

(३) संस्थानांतील विमानविद्येचा आरंभ

निजामाच्या दरबाराचा विमानांशीं संबंध जुना होता. पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, इंग्रजांच्या हवाईदलाची ११० क्रमांकाची तुकडी फ्रान्समध्यें गेली, तेव्हां तिचीं विमानें निजामानें दिलेल्या देणगींतून घेतलेलीं होतीं. त्यामुळें त्या तुकडीस 'हैदराबाद' हें नांव मिळालें. दुसऱ्या महायुद्धांतहि १५२ व २५३ या क्रमांकांच्या लढाऊ तुकड्यांशीं हैदराबादचें नांव जोडलेलें होतें, आणि १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशांत झालेल्या लढाईंत त्या दोन्ही तुकड्या लढल्या. ही गोष्ट नमूद करण्याचें कारण इतकेंच कीं, पुढें ज्या सरकारास स्वतःचें एकहि लढाऊ विमान बाळगतां आलें नाहीं, त्याच सरकारच्या नांवाचीं विमानें परक्याच्या युद्धांत कांहीं वर्षांपूर्वीं उडत होतीं. मांडलिक राज्याच्या ऐश्वर्याचें स्वरूप असेंच असतें.

संस्थानांतील विमानतळ प्रथम मुलकी कामासाठीं झाले. राजधानीजवळ बेगमपेठ येथें हौशी वैमानिकांचें मंडळ होतें, आणि तेथील इमारतीचा पाया १९३७ सालीं राजस्नुषा दुर्रुशेहवार यांच्या हस्ते घातला गेला. वरंगळजवळ मामनूर येथेंहि विमानतळ होता. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर बेगमपेठ येथें वैमानिकांना प्राथमिक शिक्षण देणारी पहिल्या क्रमांकाची शाळा उघडण्यांत आली. दुसऱ्या क्रमांकाची शाळा जोधपुरास होती. या दोन्ही शाळा संस्थानी मुलुखांत असाव्या, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

एप्रिल १९४२ मध्यें जपानी विमानांनीं कोलंबो, विशाखापट्टण व काकिनाडा येथें बॉंबवर्षाव केला. पूर्वकिनाऱ्यावरील धोक्यामुळें सर्व हिंदुस्थानांत विमानतळ बांधण्याची धांवपळ सुरू झाली. याच सालीं बीदरचा विमानतळ तयार झाला. स्थळाची निवड योग्यच होती. बीदर हें समुद्रसपाटीपासून सुमारें २,२०० फूट उंचीच्या जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेलें आहे. पठार सपाट, जमीन कठीण, पावसाचें पाणी काळ्या रानाप्रमाणें न तुंबणारें. बहामनी सुलतानांस ज्या गुणांमुळें तें किल्ल्यास योग्य वाटलें असेल, जवळजवळ त्याच गुणांमुळें तें विमानांसहि योग्य ठरलें. जपानची चढाई दक्षिणेंत कधींच आली नाहीं. युद्ध १९४५ सालीं संपलें, विमानें गेलीं, पण धांवपट्टी जागच्या जागीं राहिली. त्याच वर्षीं निजाम सरकारची रेल्वे व टाटा यांच्या भागीदारींतून 'डेक्कन एअरवेज' ही कंपनी स्थापन झाली, आणि विमान हें संस्थानांतील श्रीमंत प्रवाशाचें वाहन झालें. खेड्यांतील माणूस मात्र त्यास 'इमान' म्हणे व डोळ्यांवर हात धरून वर पाही.

(४) जैसे-थे करार व नाकेबंदी

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं इंग्रजांचें सार्वभौमत्व संपलें. निजामानें भारतांत विलीन होण्याचें नाकारलें. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसनें ७ ऑगस्टपासूनच विलीनीकरणाची चळवळ सुरू केलेली होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं भारत सरकार व निजाम यांच्यामध्यें एक वर्षाचा जैसे-थे करार झाला. त्यास अनुसरून सिकंदराबाद येथील भारतीय फौजा १९४८ च्या आरंभीं काढून घेण्यांत आल्या. कन्हैयालाल मुनशी हे भारताचे एजंट-जनरल म्हणून हैदराबादेंत आले, आणि मीर लाइक अली हे निजामाचे नवे पंतप्रधान झाले.

कराराची शाई वाळते न वाळते तोंच कुरबुरी सुरू झाल्या. निजाम सरकारनें भारतीय चलनावर बंदी घातली, मौल्यवान धातूंची निर्यात थांबविली व पाकिस्तानास वीस कोटि रुपयांचे रोखे कर्जाऊ दिले. उलटपक्षीं भारतानें शस्त्रें व लष्करी उपयोगाचें सामान संस्थानांत जाऊं देण्याचें थांबविलें; पुढें पुढें सीमेवरील अडवणूक अधिक कडक झाली, आणि औषधेंहि अडविलीं जातात अशी हैदराबाद सरकारची तक्रार होती. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचे रझाकार याच काळांत खेडोपाडीं प्रबळ झाले. बीदर जिल्ह्यांतीलच गोरटा येथें मे १९४८ मध्यें भीषण हत्याकांड झालें. ऑगस्टमध्यें शोएबुल्ला खान या मुसलमान संपादकाचा, विलीनीकरणाचा पुरस्कार केल्याबद्दल, हैदराबाद शहरांत खून झाला. परभणी-हिंगोलीकडील अनेक कुटुंबें पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडांत गेलीं. तेथून उमरखेडसारख्या सीमेवरील गांवांतून स्टेट काँग्रेसचीं शिबिरें चालत होतीं.

या वेळीं संस्थानाची नियमित फौज सुमारें बावीस हजार होती व तिचे सेनापति मेजर-जनरल अल इद्रूस हे होते. रझाकारांच्या हातीं बरीचशीं जुनीं शस्त्रें, तोड्याच्या बंदुका, तलवारी व भाले होते. नव्या शस्त्रांची गरज तीव्र होती, आणि भूमार्गानें तीं येणें शक्य नव्हतें.

(५) सिडनी कॉटनचीं विमानें

येथें या कथेंत एक परदेशी गृहस्थ प्रवेश करतो. सिडनी कॉटन हा १८९४ सालीं ऑस्ट्रेलियांत जन्मलेला वैमानिक. पहिल्या महायुद्धांत त्यानें वैमानिकांसाठीं उबदार पोषाख शोधून काढिला, तो त्याच्याच नांवावरून 'सिडकॉट' म्हणून प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ सालीं, त्यानें जर्मन मुलुखाचीं गुप्तपणें विमानांतून छायाचित्रें घेतलीं, आणि पुढें इंग्रजांच्या हवाई छायाचित्रण-विभागाचा पाया घालण्यांत त्याचा मोठा वांटा होता. धाडस, युक्ति आणि नियमांविषयीं बेपर्वाई हे तिन्ही गुण त्याच्या ठिकाणीं एकत्र होते.

१९४८ च्या मध्यास कॉटननें लँकास्ट्रियन जातीचीं विमानें मिळवून कराचीहून हैदराबाद संस्थानांत शस्त्रें आणण्याचें काम अंगावर घेतलें. हीं विमानें बीदर व वरंगळ येथें उतरत. हा प्रकार केवळ भारत सरकारच्या आरोपावरून ज्ञात आहे असें नव्हे. व्ही. पी. मेनन व मुनशी यांनीं एका बाजूनें लिहिलें, तर लाइक अली यांनीं १९६२ सालीं आणि स्वतः कॉटननें १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत दुसऱ्या बाजूनें लिहिलें. जेथें वादी व प्रतिवादी एकच घटना सांगतात, तेथें ती घटना सिद्ध मानण्यास हरकत नाहीं. शिवाय इंग्लंडांतहि कॉटनवर याबद्दल खटला होऊन त्यास दोनशें पौंड दंड झाला. ज्या उद्योगाचे परिणाम एका राज्यास भोगावे लागले, त्याची न्यायालयीन किंमत इतकी ठरली.

आतां हें शक्य कसें झालें, याचा भूगोलाच्या साहाय्यानें विचार करूं. लँकास्ट्रियन हें चार यंत्रांचें विमान लँकास्टर या बॉंबफेकी विमानापासूनच तयार केलेलें होतें. एकदां इंधन भरलें असतां तें सुमारें चार हजार मैल जाऊं शके. कराची ते बीदर हें सरळ अंतर सुमारें ८३० मैल आहे. म्हणजे जाऊन, माल उतरवून, बीदरास पेट्रोलचा एक थेंबहि न घेतां परत कराचीस पोंचणें त्यास सहज शक्य होतें. ज्या संस्थानांत पेट्रोलचीच टंचाई होती, तेथें हा गुण निर्णायक होता. पुन्हां असें कीं, नकाशावर कराचीहून बीदरपर्यंत सरळ रेषा ओढली तर ती काठेवाड व खंबायतचें आखात ओलांडून सुरतेच्या आसपास किनाऱ्यास लागते आणि वैजापूरच्या बाजूस निजामाच्या हद्दींत शिरते. काठेवाड टाळून समुद्रावरून वळसा घेतला, तर भारताच्या भूमीवरून जाण्याचें अंतर दीडशें-पावणेदोनशें मैलांचेंच राहतें. हें विमान ताशीं सव्वादोनशें मैलांहून अधिक वेगानें जात असे; अर्थात् भारताच्या भूमीवरील त्याचा प्रवास पाऊण तासांत आटोपण्यासारखा होता. त्यापुढें वैजापूरपासून बीदरपर्यंतचा सर्व मार्ग औरंगाबाद, बीड व लातूरकडील मुलुखावरून, म्हणजे निजामाच्याच राज्यावरून जातो. रात्रीच्या काळोखांत एकट्या विमानास अडविण्याची साधनें फाळणीनंतर नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारतीय हवाईदलाजवळ पुरेशीं नव्हतीं.

परंतु विमान कितीहि दूर जाणारें असलें तरी तें शेतांत उतरूं शकत नाहीं. चार यंत्रांच्या भारी विमानास लांब व टणक धांवपट्टी लागते. ती बीदर येथें होती. आणि ती जपान्यांच्या भीतीनें, इंग्रजांच्या युद्धासाठीं झालेली होती. राजधानीजवळील बेगमपेठ हें परदेशी वकील, भारताचे प्रतिनिधि आणि प्रवासी यांच्या नजरेखालीं होतें. बीदर मात्र राजधानीपासून सत्तर-ऐंशीं मैलांवर, सडकेनें जोडलेलें, पण नजरेआड होतें. लहानपणा हाच त्याचा या कामापुरता मोठा गुण होता.

(६) या शस्त्रांचें मोल

या विमानांनीं आणलेल्या शस्त्रांनीं युद्धाचा निकाल तिळभरहि बदलला नाहीं, हें पुढील चार-पांच दिवसांच्या हकिकतीवरून उघड होतें. मग बीदरच्या विमानतळास इतिहासांत महत्त्व कां द्यावें? माझ्या मतें त्याचें महत्त्व लष्करी नसून राजकीय आहे.

वाटाघाटींत जो पक्ष दुर्बळ असतो, त्यास काळ हेंच बळ वाटूं लागतें. १९४८ च्या वसंत व ग्रीष्म ऋतूंत दिल्ली व हैदराबाद यांच्यामध्यें तडजोडीचे अनेक मसुदे झाले. लॉर्ड माउंटबॅटन जूनमध्यें इंग्लंडास परत जाण्यापूर्वीं जो अखेरचा मसुदा पुढें आला, त्यांत निजामास पुष्कळ सवलती होत्या. तोहि नाकारण्यांत आला. नकार देणाऱ्यास आपल्या पाठीशीं कांहींतरी आहे असें वाटावें लागतें. चोहोंबाजूंनीं कोंडलेल्या राज्यांत एक मार्ग उघडा आहे, बाहेरून मदत येत आहे, आणखी कांहीं महिने निभावले तर संयुक्त राष्ट्रसंघ मध्यें पडेल, ही आशा त्या धांवपट्टीनें जिवंत ठेविली. २१ ऑगस्ट रोजीं हैदराबादनें सुरक्षा-समितीकडे तक्रारहि गुदरली.

विमानानें आलेली एक पेटी सैन्याच्या दृष्टीनें क्षुल्लक असेल. पण ती आली ही वार्ता सरकारच्या मनांत दहा पेट्यांचें काम करते. याची किंमत मात्र ज्यांनीं ती वार्ता ऐकलीहि नव्हती त्यांनीं भरली. मे ते सप्टेंबर या महिन्यांत मराठवाड्याच्या गांवांतून जी लूट, जाळपोळ व मारहाण झाली, जीं कुटुंबें पेरणीच्या दिवसांत घरदार टाकून वऱ्हाडांत गेलीं, त्यांचे हे पांच महिने तडजोड लवकर झाली असती तर वांचले असते. आकाशमार्गाचा हा दोष आहे कीं, तो राजास प्रजेवांचून राहण्याची सोय करून देतो. स्थलमार्गानें येणाऱ्या मदतीस गांवें, घाट, नदीचे उतार लागतात. लोकांची संमति, निदान त्यांचें मौन लागतें. रात्रीं पठारावर उतरणाऱ्या विमानास यांपैकीं कांहींच लागत नाहीं. म्हणून असल्या मार्गावर अवलंबून असणारें सरकार आपल्याच माणसांचें म्हणणें ऐकेनासें होतें.

(७) सप्टेंबर १९४८

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं पहांटे भारतीय सैन्यानें हद्द ओलांडली. मुख्य फौज मेजर-जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालीं सोलापूरहून निघाली. दुसरी बेजवाड्याकडून आली. आणखी तुकड्या निरनिराळ्या दिशांनीं आंत शिरल्या. त्याच दिवशीं पुण्याहून निघालेल्या टेंपेस्ट विमानांनीं बीदर व वरंगळ येथील विमानतळांवर बॉंब टाकिले. पुणें ते बीदर हें अंतर सुमारें २४० मैल, म्हणजे त्या विमानांस तासाभराच्या आंतलें. येथें एक योगायोग ध्यानांत घेण्याजोगा आहे. पुण्याजवळचा लोहगांवचा विमानतळ मुंबईच्या हवाई संरक्षणासाठीं १९३९ सालीं सुरू झाला; बीदरचा १९४२ सालीं. एकाच महायुद्धासाठीं बांधलेले हे दोन तळ सहा-नऊ वर्षांच्या आंत एकमेकांविरुद्ध उभे राहिले.

हल्ल्याच्या पहिल्याच दिवशीं विमानतळांवर प्रहार करण्यांत भारतीय सेनापतींनीं हैदराबादच्या शक्तीचें मर्म ओळखलें होतें. संस्थानाजवळ लढाऊ विमानें नव्हतीं. तेव्हां शत्रूचीं विमानें नष्ट करण्यासाठीं हा प्रहार नव्हता. बाहेरून येणारा एकमेव मार्ग बंद करण्यासाठीं होता. तो बंद होतांच संस्थान पुन्हां जसें होतें तसें, चारी बाजूंनीं वेढलेलें, राहिलें. पाकिस्तानचे गव्हर्नर-जनरल महमदअली जीना ११ सप्टेंबर रोजींच मृत्यु पावले होते. त्या दिशेनेंहि कोणी आलें नाहीं.

पुढील घटना सर्वविदित आहेत. १३ रोजीं नळदुर्ग पडलें व बोरी नदीवरील पूल शाबूत हातीं आला. १४ रोजीं उमरग्याच्या पुढें वाटेवरील मोर्चे टेंपेस्ट विमानांनीं उधळून लाविले. पुढें हुमनाबाद व जहिराबाद ही वाट मोकळी झाली. १७ सप्टेंबर रोजीं पहांटे भारतीय सैन्य बीदरांत शिरलें, आणि विमानतळ ज्या हातांत जावयाचा त्या हातांत गेला. त्याच दिवशीं दुसऱ्या एका तुकडीनें हिंगोली घेतली. बीदर आणि हिंगोली, एकाच राज्याचे दोन कोपरे, एकाच दिवशीं मुक्त झाले. त्या सायंकाळीं निजामानें युद्ध थांबविण्याची घोषणा केली, व १८ रोजीं अल इद्रूस यांनीं चौधरींपुढें शरणागति पत्करली. सुरक्षा-समितीनें हैदराबादची तक्रार १६ तारखेस पॅरिस येथें ऐकावयास घेतली, तेव्हां युद्धाचा एक दिवस उरला होता.

(८) उत्तरकथा

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यांत मुक्तिदिन म्हणून पाळला जातो, आणि तो पाळला जाणें योग्यच आहे. परंतु इतिहास लिहिणाऱ्यानें त्या दिवसापाशीं लेखणी थांबवूं नये. सत्तांतरानंतरच्या आठवड्यांत मुसलमान रहिवाश्यांवर जो सूड उगविला गेला, तोहि याच प्रदेशांत. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें १९४८ च्या अखेरीस संस्थानांत फिरून मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० च्या दरम्यान असावी असा अंदाज दिला, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पीडित म्हणून नमूद केले. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहून २०१३ सालीं दिल्लींत वाचकांस पाहावयास मिळाला. ज्यांनीं रझाकारांस शस्त्रें दिलीं ते बहुतेक सुखरूप राहिले. ज्या गरीब विणकरांचा, मजुरांचा व शेतकऱ्यांचा त्यांच्याशीं कांहींच संबंध नव्हता, त्यांजकडून हिशेब वसूल झाला. आधींच्या पांच महिन्यांतील हिंदु खेडुतांचें दुःख सांगावें आणि नंतरच्या आठवड्यांतील मुसलमान खेडुतांचें झांकावें, हा न्याय नव्हे. दोहोंचें मूळ एकच: राजधानींत घेतलेल्या निर्णयांचा भोग खेड्यांनीं भोगावा.

बीदरचा जिल्हा १९५६ सालीं विभागला गेला. मराठी तालुके मुंबई राज्यांत आले व बीदर म्हैसूर राज्यांत गेलें. विमानतळाचें नशीब निराळें निघालें. १९६३ सालीं भारतीय हवाईदलाची प्राथमिक वैमानिक-शिक्षणशाळा अलाहाबादहून बीदरास आली, आणि तेव्हांपासून हवाईदलांतील कित्येक तरुणांनीं आपलें पहिलें उड्डाण याच पठारावरून केलें. हवाईदलाचें 'सूर्यकिरण' हें कसरती करणारें पथक १९९६ सालीं तेथेंच स्थापन झालें. २०२० सालीं तेथून प्रवाशांचीं विमानेंहि सुटूं लागलीं. ज्या धांवपट्टीवर दिवे मालवून पेट्या उतरत, तिजवर दिवसाढवळ्या बायकामुलें सामान घेऊन उतरूं लागलीं.

(९) निष्कर्ष

या सर्व विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी कीं, युद्धासाठीं बांधलेलें साधन युद्धाबरोबर नाहींसें होत नाहीं. तें पुढील सत्तेच्या हातीं जातें, आणि तिचा हेतु बांधणाऱ्याच्या हेतूहून सर्वस्वीं निराळा असूं शकतो. बीदरची धांवपट्टी जपानविरुद्ध झाली, भारताविरुद्ध वापरली गेली व अखेर भारताच्याच वैमानिकांची पाठशाळा झाली. दुसरी अशी कीं, लहान विमानतळाचें सामर्थ्य त्याच्या लांबीरुंदींत नसून तो कोठें आहे आणि कोणाच्या नजरेआड आहे यांत असतें. तिसरी, व माझ्या मतें मुख्य, अशी कीं, आकाशमार्गानें राज्यास शस्त्रें मिळतील, वेळहि मिळेल. पण प्रजा मिळत नाहीं. कौटिल्यानें स्थलपथास श्रेष्ठ मानिलें, तें मार्गांच्या भरंवशाकडे पाहून. १९४८ च्या अनुभवानें त्यांत एका कारणाची भर पडते: स्थलपथ गांवांतून जातो, म्हणून तो राजास गांवांची आठवण करून देतो.

निजामाच्या राज्याचा इतिहास बहुधा हैदराबादेंतून किंवा दिल्लींतून लिहिला गेला. बीदरचें पठार, हिंगोलीची जुनी छावणी आणि पैनगंगेचे उतार येथून पाहिलें असतां त्याच घटनांचें माप वेगळें दिसतें. तें माप घेण्याचें काम आपल्या मंडळासारख्या संस्थांचें आहे. आणि गांवोगांवच्या चावडींतील दप्तरें, शाळांच्या नोंदवह्या व घरोघरचे जुने कागद जपून ठेविले गेले, तरच तें पुढील पिढ्यांस करितां येईल.